मामलेदाराच्या मागच्या पायांविषयी

निपाणी,
ता. २ डिसेंबर १९७९

मा. पशुवैद्यकीय अधिकारी, बेळगाव यांस,

विषय : मामलेदाराचे मागचे पाय.

सा. न. वि. वि.

मी खाली सही करणार नागोजी रवळू घाडी, राहणार निपाणी, तंबाखूच्या वखारीत दिवाणजी. आपली आणि माझी ओळख नाही. असली तरी या पत्रापुरती ती नाही असं धरून चालावं.

माझ्या घरी एक कुत्रा आहे. त्याचं नाव मामलेदार. दिवसभर कट्ट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर गुरगुरायचं आणि काम मात्र काही करायचं नाही, म्हणून हे नाव पडलं. नाव आमच्या घरातल्या एका व्यक्तीनं ठेवलं. तीच त्याला पिल्लू असताना परकराच्या ओच्यात घालून घेऊन आली होती. ती व्यक्ती आता इथे राहत नाही. लग्न करून बेळगावात, टिळकवाडीत राहते असं ऐकतो. आपल्या ऐकण्यात ती व्यक्ती असल्यास हे पत्र तिला दाखवू नये.

आता तक्रार. थंडी पडल्यापासून मामलेदाराचे मागचे पाय आखडलेत. कट्टा चढवत नाही. खाली उभा राहून कट्ट्याकडे बघतो आणि माझ्याकडे बघतो, आणि मग मला भाकरी गोड लागत नाही. गल्लीत सल्ला देणारे पुष्कळ. कुणी म्हणतं तंबाखूच्या पाण्यानं पाय शेका. कुणी लसूण चारायला सांगतं. कोल्हापुरातल्या होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्याही आणून झाल्या. पण सगळ्यांत भारी म्हणजे आमच्या ओळखीचे चिक्कोडीकडचे यल्लाप्पा विकतात ते 'अस्थिवज्र चूर्ण'. घोड्यापासून मांजरापर्यंत सगळ्यांना चालतं म्हणतात.

यातलं खरं कोणतं आणि खोटं कोणतं, एवढंच शास्त्राच्या आधारानं कळवावं. पत्ता आपल्या घरचा घातला आहे. दवाखान्याचा मजजवळ नव्हता.

आपला विश्वासू,
ना. र. घाडी


निपाणी,
ता. १६ डिसेंबर १९७९

मा. पशुवैद्यकीय अधिकारी यांस,

विषय : पुरावा म्हणजे काय.

आपलं पत्र मिळालं. तंबाखूचं पाणी ताबडतोब बंद करा, कुत्रा पाय चाटतो आणि ते विष पोटात जातं, असं आपण लिहिलंत. बंद केलं. लसूणही बंद केला. माझ्या मंडळींना, म्हणजे जयाबाईंना, याचा आनंद झाला, कारण लसूण महाग झाला आहे.

पण चूर्णाविषयी आपण जे लिहिलंत ते मला पटलं नाही. आपण विचारता, पुरावा काय? अहो, पुरावे ढिगानं आहेत! यल्लाप्पांपाशी एक अल्बमच आहे. त्यात एका फौजदाराच्या कुत्र्याचा फोटो आहे, एका इनामदाराच्या घोड्याचा आहे, खाली त्यांच्या सह्यांची पत्रं आहेत. यावर आपलं म्हणणं असं की, बरी झालेली जनावरं अल्बममध्ये येतात आणि बरी न झालेली पत्र लिहीत नाहीत. हे वाक्य जयाबाईंना मी वाचून दाखवलं नाही. त्या आपलीच बाजू घेतात.

शिवाय मी डोळ्यांनी पाहिलंय. आपलं पत्र यायच्या आधीच मी चूर्ण सुरू केलं होतं आणि मामलेदार मागच्या रविवारी कट्टा चढला. याहून मोठा पुरावा कोणता? मी समोर उभा होतो.

कळावे,
ना. र. घाडी


निपाणी,
ता. ६ जानेवारी १९८०

डॉक्टरसाहेबांस,

विषय : रविवारचा कट्टा.

आपण उलट टपाली तीन प्रश्न पाठवलेत. त्या दिवशी ऊन होतं का? होतं, थंडी मोडली होती. कुत्रा कट्टा चढला की नाही हे ठरवणाऱ्या माणसाला चूर्ण दिल्याचं माहीत होतं का? होतं, तो माणूस मीच. आणि तिसरा प्रश्न, त्या वेळी कट्ट्यावर मटण कापणं चाललं होतं का? होतं. आमच्या घरी रविवारी मटण असतं हे सरकारी अधिकाऱ्याला कसं कळलं, हे मी विचारत नाही.

जयाबाई म्हणाल्या, "अवो, मटनाला तर तुमीबी पळत येतासा, आन तुमचंबी गुडघं दुखत्यात."

आपण म्हणता, दुखणं थंडीत वाढतं, उन्हात उतरतं आणि श्रेय मात्र हातात असेल त्या पुडीला जातं. म्हणून सारखीच लंगडणारी कुत्री घ्यावी, निम्म्यांना चूर्ण द्यावं, निम्म्यांना तसंच दिसणारं साधं पीठ, आणि कुणाला काय मिळालं हे बघणाऱ्याला कळू देऊ नये. हे मात्र मला एका वाचनात समजलं. आमच्या वखारीत मालक हेच करतात. तंबाखूचा वास घेणाऱ्याला माल कुणाचा ते सांगायचं नाही. सांगितलं की पाव्हण्याच्या तंबाखूला हमखास सुवास येतो. आपल्या खात्यात आमच्या धंद्याइतकी अक्कल असेल असं वाटलं नव्हतं.

तेव्हा प्रयोग होणार. मी गल्लोगल्ली फिरून आठ म्हातारी लंगडी कुत्री ठरवली आहेत, मामलेदार धरून. लोक विचारतात, दिवाणजी, कुत्र्यांची शिरगणती चाललीय का? मी म्हणतो, व्हय, सरकारी काम आहे.

चूर्णाच्या रंगाचं पीठ जयाबाईंनी नाचणी भाजून तयार केलं. पुड्या बांधायचं काम शेवंताबाईंना दिलं. त्या भीमनगरातल्या. आमच्या कट्ट्यावर ऊन चांगलं येतं म्हणून चारपाच बायकांबरोबर तिथंच बिड्या वळायला बसतात. बिडीच्या पानाच्या तुकड्यात त्यांनी पुड्या अशा बांधल्या की ओढायचा मोह व्हावा. चूर्णाला एका रंगाचा दोरा, पिठाला दुसऱ्या. कोणता रंग कशाचा ते जयाबाई आणि शेवंताबाई दोघींनाच माहीत. मी विचारलं तरी सांगायचं नाही अशी शपथ मीच घातली आहे. एकदा विचारलं. त्यांनी सांगितलं नाही.

ना. र. घाडी


निपाणी,
ता. १० फेब्रुवारी १९८०

डॉक्टरसाहेबांस,

विषय : प्रयोगाचा निकाल व त्यानंतर झालेला घोटाळा.

निकाल असा की आठही कुत्री सारखीच सुधारली!

चूर्णवाली सुधारली आणि पीठवालीही सुधारली. मी यल्लाप्पांना बोलावून सांगितलं. ते म्हणाले, "चूर्नाचा डबा पिठाच्या डब्याशेजारी ठेवलासा काय? मग त्याची शक्ती त्याच्यात गेली बगा." हे ऐकून माझाच चूर्णावरचा विश्वास हलला. इतका वेळ मी त्यांना शहाणा समजत होतो.

तेवढ्यात कट्ट्यावरून शेवंताबाई हसायला लागल्या. बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून खाली बघत होत्या. मी विचारलं, काय झालं?

"अण्णा, रागवू नगा," त्या म्हणाल्या. "आमी दोन्ही डबं सुपात वतून एकत्र केलं आन मग पुड्या बांदल्या. दोरं तेवढं निरनिराळं लावलं, तुमचं मन ऱ्हावं म्हनून."

मी कपाळावर हात मारला. "का पण?"

"का म्हंजे? लंगडी सगळी सारखीच न्हवं? मग निम्म्यास्नी औशद आन निम्म्यास्नी नुसतं पीठ? असल्या दोन पंगती आमी लई बगितल्या अण्णा. मानसांत बगितल्या तेवढ्या बास झाल्या. कुत्र्यांत तरी नको."

मी त्यांना समजावणार होतो की हा भेदभाव नाही, हे शास्त्र आहे. जयाबाई माझ्याकडे बघत होत्या. मी आत गेलो. त्या बाईच्या बोलण्यानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही, हे आपल्याला कळवण्याचं कारण नाही, पण कळवतो.

आता आपली पाळी. आपल्या सरकारी दवाखान्यात लाल रंगाच्या टॉनिकची बाटली देतात. गेल्या आठवड्यात वखारीतल्या एकानं म्हशीसाठी आणली. वास गुळाच्या पाण्याचा येतो. तिला पुरावा काय? तिचा अल्बम कुठे आहे? उत्तराची वाट पाहतो. टाळाटाळ चालणार नाही.

ना. र. घाडी


निपाणी,
ता. २४ फेब्रुवारी १९८०

डॉक्टर,

आपलं उत्तर वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

आपण लिहिता, 'लाल टॉनिकानं काही होतं याचा चांगला पुरावा मला सापडलेला नाही. बाटली हातात पडल्याशिवाय लोकांना औषध मिळाल्यासारखं वाटत नाही म्हणून मीही देत आलो. आपलं पत्र आल्यापासून द्यायची थांबवली आहे. लोक नाराज आहेत.'

मी पस्तीस वर्षं वखारीत काढली. आपला माल हलका आहे असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचा होता. भिजलेला तंबाखू आणून 'दव पडलंय, दिवाणजी' म्हणणारे भेटले, खाली माती आणि वर पान घालणारे भेटले. मी कचाट्यात पकडायला विचारलं आणि आपण सरळ हो म्हणालात. जयाबाईंनी पत्र मागून घेतलं, वाचलं आणि देवापाशी ठेवलं. मी म्हटलं, ते पत्र कुत्र्याविषयी आहे. त्या म्हणाल्या, "म्हाईत हाय मला."

तरी चूर्णाचा विषय मी सोडलेला नाही. भेसळीच्या पुड्यांनी प्रयोग फुकट गेला. आता मामलेदारावर एकट्यावर शुद्ध चूर्ण, दुप्पट प्रमाणात, माझ्या हातानं. सुधारला तर आपण हरलात. आपण नको म्हणणार हे ठाऊक असल्यामुळे विचारत नाही, फक्त कळवतो.

ना. र. घाडी


निपाणी,
ता. ९ मार्च १९८०

पशुवैद्यकीय अधिकारी, बेळगाव यांस,

विषय : अधिकाऱ्याने जेवण नाकारल्याबद्दल तक्रार.

तक्रार आपल्याविरुद्ध असून ती आपल्याकडेच करीत आहे, कारण आपल्या वरच्याला ती समजणार नाही.

घडलं ते क्रमानं मांडतो. दुप्पट चूर्णानं मामलेदारानं अन्न टाकलं. काळी उलटी केली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मी वखारीत गेलो असता जयाबाईंनी मला न विचारता आपल्याला तार केली, 'मामलेदार सीरियस. लवकर या.' तारमास्तरांनी टोपी काढून दुःख व्यक्त केलं. संध्याकाळपर्यंत निम्म्या गावानं चिक्कोडीच्या खऱ्या मामलेदारासाठी हळहळून घेतलं.

आपण सकाळच्या पहिल्या गाडीनं आलात. मी वखारीतून घरी पोचलो तेव्हा आपण अंगणात मातीत मांडी घालून बसला होतात आणि कुत्र्याचं डोकं आपल्या मांडीवर होतं. आजवर तो कुणा परक्याला शिवू देत नव्हता. सुई टोचलीत, पाणी पाजलंत, चूर्णाचा डबा हुंगून पाहिलात. मी विचारलं, विष आहे का? आपण म्हणालात, "संशय हाय, खात्री न्हाय. दुखण्याची गोळी कुटून घातल्यासारखी वाटत्या. कुत्र्याच्या पोटाला ती जाळते. तपासायला पाठवतो, मग सांगतो." मी डोळ्यांनी बघून इतका ठाम बोलायचो, आणि शिकलेला माणूस म्हणतो खात्री नाही. मला त्या क्षणी आपला फार आधार वाटला.

दुपारपर्यंत मामलेदारानं शेपूट हलवलं. जयाबाईंनी पानं वाढली. पाट मांडले. दोन पाट, शेजारी शेजारी. मी ते बघितलं आणि हलवले नाहीत. मी म्हणालो, "अधिकारीसाहेब, जेवून घ्या."

आपण नळावर हात धुतलेत, पिशवी उचललीत आणि म्हणालात, "दिवाणजी, मी अर्जावर आलोय. जनावराच्या मालकाकडं सरकारी मानूस जेवत न्हाय."

"मग पाणी तरी," जयाबाई म्हणाल्या.

"आई, तुमच्या हातचं पानी मी कवाबी घेईन. पर आज अधिकारी म्हनून बोलावल्यालं हाय. दुसऱ्या कुनी, दुसऱ्या नात्यानं बोलावलं तर गोष्ट निराळी."

आणि चालत गेलात. कट्ट्यावरच्या बायकांनी बिड्या वळायचं थांबवलं होतं. शेवंताबाईंनी आपल्याला जयभीम घातला, आपण हसून घातलात. मला कुणी काही घातलं नाही. पाटावर मी एकटा बसलो. शेजारचं पान झाकून ठेवून जयाबाई आत गेल्या आणि मी किती वेळ जेवलो नाही ते त्यांनी पाहिलं नाही.

दारात आलेल्या माणसाला उपाशी पाठवलं असं आमच्या घराण्यात घडलेलं नाही. ते आपण घडवलंत. याचा खुलासा व्हावा.

ना. र. घाडी


निपाणी,
ता. ४ मे १९८०

धर्मराज यांस,

आपण खुलासा पाठवला नाहीत. फक्त तपासणीचा निकाल पाठवलात. चूर्णात खडू, हळद आणि दुखण्याची गोळी. मी तो यल्लाप्पांना दाखवला. ते बिनदिक्कत म्हणाले, "मंग काम करत हुतं म्हना की!" मी त्यांचं घरी येणं बंद केलं आहे, पण त्यांच्या बोलण्यानं हसू आलं हेही खरं. कुत्री सुधारली ती गोळीनं, की ऊन पडायला लागल्यानं, की आम्हाला सुधारायला हवी होती म्हणून, ते आपण लिहिल्याप्रमाणे आता कधीच कळणार नाही. शेवंताबाई म्हणतात, नाही कळलं तरी चालेल.

मामलेदार गेला.

आपण दिलेल्या औषधानं त्याचं पोट बरं झालं होतं. पाय उन्हाळ्यानं मोकळे केले होते. रामनवमीनंतर महिनाभर तो रोज स्वतःच्या पायांनी कट्टा चढत होता. परवा दुपारी चढला, बायकांच्या सुपाशेजारी पसरला आणि उठलाच नाही. वय झालं होतं. शेवंताबाईंनी त्याच्या अंगावर आपला पदर टाकला आणि मला वखारीतून बोलावून आणलं. परसात खड्डा काढला. मी काढला. दुसऱ्याला काढू दिला नाही.

आता अडचण अशी आहे की पशुवैद्याला पत्र लिहायला माझ्या घरी जनावर उरलेलं नाही. गेले दोन दिवस मी कारण शोधतो आहे. म्हैस पाळावी असाही विचार केला. जयाबाई म्हणाल्या, "त्या पोरीसाठनं किती जनावरं आननार हाईसा?" म्हणून बिनजनावराचं लिहितो.

पंधरवड्यात अधिक महिना लागतो. आमच्यात या महिन्यात जावयाला धोंड्याला बोलावतात. पुरणाचे धोंडे करून वाढतात. तुमचं लग्न झालं त्याच वर्षी अधिक श्रावण होता. तो कोरडा गेला. जयाबाईंनी पुरण घातलं नाही आणि महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलल्या. हा दुसरा आहे. तिसऱ्यापर्यंत मी असेन याला पुरावा नाही.

वाण, ओवाळणं, पूजा हे तुमच्या तत्त्वात बसत नाही हे मला माहीत आहे. शेवंताबाईंना विचारून घेतलं. त्यातलं काही होणार नाही. नुसतं जेवण. आमच्या खानापूरकडच्या भावकीतल्या दोघातिघांना कळवलं आहे. ज्यांना शेजारी बसून जेवायचं नसेल त्यांनी येऊ नये असंही कळवलं आहे. एकाचं उत्तर आलं, ते चुलीत घातलं.

ही खालची ओळ अक्काताईला वाचायला द्या.

अक्के, तुझ्या आईनं तुझी खोली झाडून ठेवली आहे. मी तुला तीन वर्षांत हाक मारली नाही. रागानं नाही मारली म्हणायचो, पण पहिल्या वर्षानंतर राग कुठे होता? मग नुसती सवय राहिली आणि त्या सवयीला मी मान म्हणत राहिलो. तुझी फार आठवण येते गं.

धर्मराज, मे महिन्याची अठरा तारीख, रविवार. बेळगावहून सकाळची गाडी धरा. मी स्टँडवर असेन. आदल्या दिवशीची वखारीतून रजा काढली आहे, बाजार करायचा आहे. मालक अर्जात कारण लिहिल्याशिवाय रजा देत नाहीत. मी लिहिलं, 'मुलगी आणि जावई घरी येणार आहेत.' त्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली. आता सगळ्या वखारीला ठाऊक झालं आहे. तुम्ही आला नाहीत तर मी खोटा पडेन.

तुमचा,
आप्पा